डबा अजून फ्रिजवरच आहे

ताई, सा. न. वि. वि.

मी ६३ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. नागपुरात मनीषनगरकडे एका फ्लॅट स्कीममध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. स्कीममध्ये बारा फ्लॅट. घरी मी, सौ., मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली, तेव्हापासून मी जेवणाकडे लक्ष देऊन जेवायला शिकलो. टीव्ही बंद, मोबाईल बंद, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, जेवताना बोलायचं नाही. मला खूप फायदा झाला. घरच्यांना मात्र हे जाचक वाटतं. मुलगा हल्ली ताट घेऊन आतल्या खोलीत जातो.

दुसरं म्हणजे आमच्या स्कीममध्ये शांतता राहिलेली नाही. पार्किंगवरून, पाण्याच्या टाकीवरून, रविवारी जिन्यात येणाऱ्या वासावरून कुरबुरी सुरूच असतात. एकत्र जेवणानं माणसं जवळ येतात, म्हणून कोजागिरीच्या सुमारास गच्चीवर सात्त्विक महाप्रसाद करू, निम्मा खर्च मी देतो, असं मी ग्रुपवर लिहिलं. तिघांनी हात जोडले, बाकी गप्प. खालच्या मजल्यावरच्यांनी तर ग्रुपच सोडला.

त्याचं कारण बहुतेक हे असावं. बुद्ध पौर्णिमेला त्यांनी आमच्याकडे खिरीचा डबा पाठवला होता. आम्ही शुद्ध शाकाहारी. त्यांच्याकडे सगळं चालतं, भांडी तीच असणार, म्हणून घरच्यांनी ती घेतली नाही, बेसिनमध्ये गेली. नातवानं हे खेळता खेळता त्यांच्या मुलीला सांगून टाकलं. तेव्हापासून बोलणं बंद. डबा अजून आमच्या फ्रिजवरच आहे. रिकामा परत देववत नाही आणि भरून दिला तर ते घेतील का, कळत नाही. आम्ही दरवर्षी त्यांना दिवाळीचा फराळ देतो, तो ते घेतात. अन्नातून शांतता कशी साधावी, मार्गदर्शन करावं.

— एक वाचक, नागपूर

*

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न महाप्रसादाचा आहे. दुसऱ्यांदा वाटलं, घरच्या ताटांचा आहे. तिसऱ्यांदा वाचताना त्या डब्यावरून नजर हलेना. वैशाखात आलेला डबा आश्विन लागला तरी तुमच्या फ्रिजवर बसून आहे. पाण्याची बाटली काढायला हात गेला की तो दिसत असणार. तुम्ही त्याला पत्राच्या शेवटी जेमतेम दोन ओळी दिल्यात, पण मला वाटतं अख्खं पत्र त्यानंच तुमच्याकडून लिहून घेतलंय.

आधी घरचं बोलू. ते लवकर उरकेल.

लक्ष देऊन जेवायला लागलात, तब्येतीला मानवलं, छान झालं. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. भराभर जेवणारा माणूस ती वर्दी यायच्या आधीच तिसरी पोळी संपवून हात धुवायला उठलेला असतो. तेव्हा सावकाश जेवा, भाजी-कोशिंबीर आधी घ्या, भात मागून घ्या. पण बत्तीसचा हिशेब मला कधी जमला नाही. वरणभाताचा घास बत्तीस वेळा चावून बघा बरं. सहाव्या खेपेलाच तो घशाखाली उतरतो, पुढचे सव्वीस नुसते हवेत.

आणि सात वर्षांच्या पोरानं जेवताना बोलायचं नाही, तर शाळेत कुणी कुणाचा डबा सांडला हे त्यानं सांगायचं कधी? ‘वदनी कवळ घेता’ आपणही म्हणत आलो, पण ते एकदा, पहिल्या घासाआधी. त्यानंतर पंगतीत आग्रह व्हायचे, जावयाची टिंगल व्हायची, मठ्ठा वाढणाऱ्याला लांबून हाका जायच्या. कुणी पंगतीला मौन धरून बसला तर त्याचं काहीतरी बिनसलंय असंच समजायचे.

यावर पाली ग्रंथांतली एक गोष्ट सांगते. कोसलचा राजा पसेनदी, म्हणजे आपण ज्याला प्रसेनजित म्हणतो तो, भात फार खायचा. द्रोणभर, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या मापानं. एकदा असाच तुडुंब जेवून धापा टाकत बुद्धांपुढे येऊन बसला. बुद्धांनी एक गाथा म्हटली. तिचा भाव असा, की जो सावध असतो आणि मिळालेल्या अन्नातली मात्रा ओळखतो, त्याची दुखणी कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजानं त्याला ती गाथा पाठ करायला लावली, रोज माझ्या जेवणाच्या वेळी म्हणायची असं सांगितलं आणि त्याबद्दल दिवसाला शंभर कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठरवून दिले. हळूहळू राजाचा भात नाळीभरावर, म्हणजे लहान मापावर आला.

मला या गोष्टीत गंमत वाटते ती ही, की राजानं गाथा स्वतःच्या ताटापाशी म्हणवून घेतली. राण्यांच्या ताटांपाशी जाऊन उभा राहिला नाही. तुमची बत्तिशी तुमच्या तोंडात राहू द्या, मुलगा आपोआप ताट घेऊन बाहेर येईल. टीव्ही बंद ठेवता ते ठेवा. त्याबाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. रात्री नऊच्या चर्चेतली माणसं ओरडत असताना माझ्याही घशाखाली घास उतरत नाही.

नातवाला लक्ष देऊन खाणं शिकवायची हौसच असेल तर संत्रं आणा. आंबिया बहाराची फळं आता बाजारात येतीलच. व्हिएतनामचे भिक्खू थिच न्हात हान (१९२६–२०२२) लोकांना जाणीवपूर्वक खाणं शिकवताना संत्र्याच्या जातीचंच फळ हातात द्यायचे. सोलायचं, वास घ्यायचा, एक फोड तोंडात असताना दुसरीकडे हात न्यायचा नाही. आपल्याला हे सांगायला व्हिएतनामहून कुणी यावं लागू नये, पण आपण संत्रं खातो ते क्रिकेट बघत, साली पेपरात गोळा करत. नातवाच्या हातात सोललेलं संत्रं द्या आणि काही न सांगता बसा. पहिली फोड तो कुणापुढे करतो तेवढं बघा.

आता खीर.

तुम्ही लिहिता, ‘घरच्यांनी ती घेतली नाही, बेसिनमध्ये गेली.’ जन्मभर बँकेत चेकवर सही कुणाची हे बघून पैसे दिलेत ना भाऊ? या वाक्याखाली कुणाचीच सही नाही. खीर काही आपल्या पायांनी बेसिनमध्ये जात नाही. वहिनींनी ओतली असेल, तर तुम्ही कुठे होतात? शेजारी उभे असाल, तर काय म्हणालात? मी हे दोष काढायला विचारत नाही. ज्याला प्रत्येक घासाची गणती ठेवता येते, त्याला त्या दोन मिनिटांत आपल्या मनात काय चाललं होतं हेही आठवेल. जाणीवपूर्वक खाणं म्हणतात ते मला तरी तिथं सुरू झालेलं दिसतं. डबा उघडला, वेलचीचा वास आला, आणि हात मागे आला. तो का आला?

शाकाहार म्हणाल, तर तुमचा शाकाहार तुमचा. त्याच्याशी माझं भांडण नाही, मीही तीस वर्षं मांस खाल्लेलं नाही. पण शाकाहाराचं एक आहे, तो दारात उभं राहून बोलून दाखवता येतो. ‘ताई, आमच्याकडे भांड्यांचं जरा कडक आहे, राग मानू नका,’ एवढं म्हटलं असतं तर समोरच्याला थोडं लागलं असतं, पण फसवल्यासारखं झालं नसतं. तुम्ही हसून डबा घेतलात आणि दार लावल्यावर ओतलात. दारात बोलता येत नाही असं जे काही होतं, ते शाकाहाराहून वेगळं असणार. सकाळी फिरून येताना तर्री-पोहे खाता ना? ठेल्यावर ती कढई कुणी घासली, तर्रीच्या भांड्यात आधी कुणाचा चमचा बुडाला, असं विचारून खाता का? लग्नातल्या बुफेत एकाच केटररची माणसं दोन्हीकडची भांडी उचलतात, तिथं आपण आइस्क्रीमच्या रांगेत उभे असतो. नियम सगळीकडे लावला तर त्याला आचार म्हणता येईल. तो ठरावीक दारांवरून आलेल्या डब्यांनाच लागत असेल, तर त्याला जुना शब्द आहे, रोटी-बेटी व्यवहार. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाला मुलगी द्यायची याची जुनी वही. आपल्या पिढीनं ती वही फाडली असं आपण समजतो, पण ती ओट्याखालच्या कप्प्यात तशीच असते.

आणि ती नेमकी खीरच होती, याचं मला जास्त वाईट वाटलं. बुद्ध पौर्णिमेला खीर का करतात ते तुम्हाला ठाऊक असेलच. सहा वर्षं देह झिजवून सिद्धार्थाच्या हाडांना कातडी चिकटली होती, तेव्हा सुजातानं त्याला खीर दिली आणि त्यानं ती घेतली. उपास सोडून हा खायला लागला म्हणून बरोबरचे पाच तपस्वी त्याला टाकून निघून गेले. ज्ञान झाल्यावर बुद्धांनी पहिला उपदेश सारनाथला याच पाचजणांना केला. त्याला धम्मचक्र प्रवर्तन म्हणतात, आणि आपल्या दीक्षाभूमीवरच्या दिवसाचं नाव तिथूनच आलं. त्यांच्या घरात वर्षातला मोठा दिवस होता, आणि त्या दिवसाचा घास त्यांनी तुम्हाला वर आणून दिला.

माझं सांगते म्हणजे तुम्हाला एकट्याला उन्हात उभं केल्यासारखं होणार नाही.

आमचं घर नागपूरच्या जुन्या महाल भागातलं. माझ्या आजीच्या मागच्या अंगणात खिडकीच्या कट्ट्यावर एक कान तुटलेला कप असायचा, तो कुणासाठी ते मला पाचव्या वर्षीच माहीत झालं होतं. कुणी शिकवलं नव्हतं. कॉलेजात माझी एक मैत्रीण इंदोऱ्याहून, नागपुरातल्याच बौद्ध वस्तीतून यायची. एकदा तिनं डबा उघडला, वांग्याची भाजी होती, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरलेला, आणि माझ्यापुढे केला. मी म्हटलं, ‘आज उपास आहे गं.’ का म्हटलं कोण जाणे, तोंडातून निघूनच गेलं. कपाचा कान कुठवर येतो बघा. दोन तासांनी कँटीनमध्ये मी आलूबोंडा खात असताना ती दारात उभी होती. काही बोलली नाही. नंतरची दोन वर्षं आम्ही बोलत होतो, नोट्स देत-घेत होतो, पण तिनं माझ्यापुढे परत कधी डबा केला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी दसऱ्याला मी दीक्षाभूमीवर पुस्तकं घ्यायला गेले होते. गर्दीत मागून आवाज आला, ‘काय गं, उपास सुटला का तुझा?’ तीच होती. हसत होती. मला हसता येईना. तिच्या हातात पुरी-भाजीची पत्रावळ होती, ती तिनं पुढे केली, आणि आम्ही फुटपाथच्या कडेला उभ्यानं खाल्लं. भाजी तिखट होती, नाक पुसत पुसत खाल्ली. माफी मागितली का, असं विचाराल. मागितली, पण पुरी संपल्यावर, आणि ती म्हणाली, ‘जाऊ दे न.’ हे ‘जाऊ दे’ तिनं म्हणायला वीसेक वर्षं लागली, आणि तेही तिनं म्हटलं. मी होऊन तिचं घर शोधत गेले नव्हते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला तेव्हापासूनच ओळखीचं आहे. ‘आम्ही दरवर्षी फराळ देतो, तो ते घेतात.’ देणं सोपं आहे भाऊ. देणाऱ्याचा हात वर राहतो. चकल्या आपल्या, तेल आपलं, डबा आपला, वेळही आपण ठरवलेली. यजमान असण्यात एक मोठेपणा आहे, आणि तो महाप्रसादातही आहे, निम्मा खर्च दिल्यावर तर जास्तच. अवघड आहे ते दुसऱ्याच्या हातचं, त्याच्या चवीचं, त्यानं वाढलं तेवढं खाणं. शांतता होत असेल तर ती या दुसऱ्या बाजूनं होते, असं माझं मत आहे.

शाहू महाराजांना हे पक्कं कळलं होतं. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या माणसाला पाण्याला शिवला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्याला चहाचं दुकान काढून दिलं. दुकान निघालं, पण गिऱ्हाईक येईना. राजवाड्यातून त्याला रोज शिधा पाठवणं काय अवघड होतं? त्याऐवजी महाराज स्वतः गाडी थांबवून त्याच्या दुकानाचा चहा मागवून प्यायले, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजला. राजा घेणारा झाला आणि गंगाराम देणारा.

आणि आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा. स्वतः मांस-दारूच्या विरोधात, मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटणाचं जेवण न देता गोडाधोडाचं दिलं म्हणून भाऊबंदांचा रोष घेतलेला माणूस. तरी जन्मभर गाव झाडायचं आणि मग दारोदारची भाकर मातीच्या गाडग्यात घेऊन खायची, हा क्रम सोडला नाही. तेव्हा तुमचा शाकाहार आड येत नाही. बाबांचा आला नव्हता.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी तुम्हाला स्वस्तात सोडल्यासारखं होईल. बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही. एकत्र जेवून लोक घरी जातात आणि लग्नं आपापल्यातच जुळवतात. तेव्हा एका पंगतीनं, एका वाटी खिरीनं तुम्ही फार काही केलं असं समजू नका. खिरीची वाटी ही खिरीच्या वाटीपुरती. पण बेसिनमध्ये गेली तीही एक वाटीच होती, आणि तिनं पाच महिने दोन मजल्यांमधला जिना बंद केला.

तर आता काय करायचं.

दसरा आठवड्यावर आलाय. त्या दिवशी, किंवा गर्दी सोसवत नसेल तर आदल्या दिवशी, दीक्षाभूमीवर जा. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी तिथं लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. अजून दरवर्षी गावोगावची माणसं पिशव्या घेऊन रेल्वेनं, एसटीनं येतात, आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शहरातली माणसं त्यांना जेवायला वाढत उभी असतात. तिथं मदत करायला जाऊ नका. देणगीची पावतीही फाडू नका. रांगेत उभे राहा, पत्रावळ हातात घ्या, वाढतील ते खा. त्यात भात असेल, तुमच्या शुगरला थोडा खा. शेजारी जो उभा असेल तो कुठून आला ते विचारा. तुमची बत्तिशी हवी तर तिथं वापरा, एकेक घास चावताना मनात काय काय येतं ते बघायला ती जागा बरी आहे. काही येणारच नाही असं समजू नका. माझ्याही मनात अजून येतं. तेवढ्यात पुढचा माणूस ‘भाजी घ्या न भाऊ’ म्हणतो आणि येतं तसं जातं. उरूस असेल तेव्हा ताजबागेत, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात, लंगरला बसलात तरी चालेल. मुद्दा एवढाच, की महिनाभर यजमान होऊ नका.

मग डबा. तो तुम्ही स्वतः न्यायचा. नातवाच्या हाती पाठवायचा नाही, वॉचमनकडे ठेवायचा नाही, आणि स्कीमच्या अध्यक्षांना मध्ये घालायचं नाही. वहिनींना यायचं असेल तर उत्तम, नसेल तर ओढून नेऊ नका, त्यांचा हिशेब त्या करतील. रिकामा द्यायचा नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण ड्रायफ्रूटही भरू नका. महागाचं दिलं की ते भरपाईसारखं दिसतं. घरी जे होतं त्यातलं द्या. वहिनींच्या हातच्या पुडाच्या वड्या असतील तर त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. त्या बिघडल्या तरी चालतील. थोडं बिघडलेलं घेऊन जाणाऱ्या माणसावर राग धरणं कठीण असतं, हा माझा अनुभव.

दारात काय बोलायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथंच सगळे अडतात. कारणं सांगू नका. शाकाहार, शुगर, भांडी, आईचं सोवळं, यातलं काही नको. ‘तुमची खीर आम्ही खाल्ली नाही, ओतली. चुकलं. पोरानं सांगितलं ते खरं आहे.’ बस. शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. त्यांच्या मुलीला गेले पाच महिने प्रश्न पडला असेल की आपला मित्र खोटं बोलला की काय. एका पोराचं खरं बोलणं दोन घरांच्या मध्ये अडकून पडलंय, ते सोडवा.

त्यांनी चहा विचारला तर बिनसाखरेचा मागून प्या. खायला दिलं तर खा. मांसाहाराचं असेल तर ‘हे मी खात नाही, दुसरं काही आहे का?’ असं विचारा. असं मागणं हे नाकारण्याच्या अगदी उलट आहे. ज्याच्या घरात आपण मागून खातो त्याच्याशी आपलं नातं असतं. आणि त्यांनी दार उघडून नुसता डबा घेतला, ‘ठीक आहे’ म्हणाले आणि दार लावलं, तर तेही घेऊन या. वड्या त्यांच्याही बेसिनमध्ये जाऊ शकतात. मला माफ केलं की नाही, याची चौकशी जिन्यात, ग्रुपवर, सुनेमार्फत करू नका. माझी मैत्रीण वीस वर्षांनी बोलली. तुम्हाला तीच मुदत लागू आहे असं समजून चला.

महाप्रसादाबद्दल थोडक्यात. तुमची आई श्रावणी सोमवारी खुलभर दुधाची कहाणी वाचत असेल. राजानं महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा म्हणून गावातलं सगळं दूध आणवलं, घरोघरची पोरं आणि वासरं उपाशी राहिली, गाभारा काही भरला नाही. एका म्हातारीनं घरच्यांना खाऊ-पिऊ घातलं, वासरांना चारा घातला, आणि उरलेलं खुलभर दूध नेऊन वाहिलं. गाभारा भरला. तुमचा महाप्रसाद मला त्या राजाच्या दुधासारखा वाटतो. ग्रुपवर हुकूम निघालाय, आणि घरात मुलगा ताट घेऊन आत गेलाय.

कोजागिरीला काही करायचंच असेल तर ‘सात्त्विक’ हा शब्द आधी काढा. तो वाचून बाराच्या बारा घरांना कळतं की कुणाच्या स्वयंपाकाला नाव ठेवलंय. आचारी नको. गच्चीवर एक पातेलं ठेवा, ज्याला यायचं त्यानं आपल्या घरचं भांडंभर दूध आणून त्यात ओतावं. सगळ्यांच्या घरचं एकदा एकत्र उकळलं की कुणाचं कुठलं ते निवडता येत नाही, हा त्यातला फायदा. पार्किंग आणि टाकीचं मात्र दुधानं मिटायचं नाही. त्यासाठी मीटिंगच घ्या, आणि ती उपाशीपोटी घेऊ नका. रविवारच्या वासाबद्दल मी काही सुचवणार नाही. सावजीच्या मसाल्याचा वास जिन्यातून वर येतो, तसा तुमच्या हिंगाच्या फोडणीचा खाली जातोच.

पण हे सगळं डब्यानंतर. आधी तो फ्रिजवरून काढा आणि घासून घ्या, पाच महिन्यांत झाकणाच्या कडेला चिकट धूळ बसली असेल. तुमच्या अख्ख्या पत्रात त्या घराचं नाव एकदाही आलेलं नाही, सगळीकडे ‘खालचे’ आणि ‘ते’. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घेतात, बुडाशी किंवा झाकणावर. लग्नात आलेलं असेल तर तारीखही असते. घासताना ते वाचा. खाली गेलात की विचारा, हे नाव कुणाचं. आईचं असेल, सासूचं असेल, एखाद्या आत्याचं असेल. सांगायला दोन मिनिटं लागतील, आणि उभ्या माणसाला ते सांगता येत नाही, ‘बसा न’ म्हणावंच लागतं.